तांबडा रक्तक्षार

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी रोझेन्थालर चौकात ट्रामची वाट पाहत असताना समोरच्या जाहिरातफलकाकडे माझं लक्ष गेलं आणि हातातली पिशवी सुटून बटाटे फरसबंदीवर घरंगळले. एका बाईने त्यातले दोन उचलून दिले. "आजोबा, रुळांवर जाल," ती म्हणाली. मी तिचे आभार मानले की नाही, हे मला आठवत नाही. फलकावर दहा पुरुष ओळीने उभे होते, मागे गॅसच्या टाकीचा अजस्र गोल. पाचव्या आणि सहाव्या माणसाच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. सहावा त्या बाजूला किंचित कलला होता. ज्याचं बोलणं ऐकायला तो कलला असावा, तो मात्र तिथे नव्हता. खाली तांबड्या अक्षरांत प्रश्न होता: 'इथे कोण होतं?' आमच्या कोसळलेल्या राजवटीने खोट्या करून छापलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन शहरातल्या एका संग्रहालयात भरणार होतं आणि ही त्याची जाहिरात होती. चार वर्षांपूर्वीपर्यंत आमचं खोटं करड्या, भुसभुशीत कागदावर छापलं जायचं. आता ते उंची कागदावर, पुरुषभर मोठं करून लावण्याइतकी आमची प्रगती झाली होती. त्या मोकळ्या जागेला पाठ टेकून एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत उभे होते. ट्राम आली, ते निघून गेले, जागा पुन्हा मोकळी झाली, आणि मी तिथेच उभा राहिलो.

इथे कोण होतं, ते मला ठाऊक होतं. इथे लोथार ग्रेबिश होता, गॅसच्या कारखान्यातला अभियंता, माझ्या बायकोचा, गेर्लिंडेचा, धाकटा भाऊ. त्याला इथून कोणी काढलं, तेही मला ठाऊक होतं. गेर्लिंडेनेच काढलं. आणि तो पुन्हा कधीच बाहेर येणार नाही अशी व्यवस्था कोणी केली, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. निदान तीस वर्षं माझी तशी समजूत होती.

संध्याकाळी सिबिलेचा फोन आला. सिबिले लोथारची मुलगी. बापाला नेलं तेव्हा ती चार वर्षांची होती, आता पस्तिशीची आहे, दातांच्या दवाखान्यात काम करते आणि बोलतानाही कुठे दुखतंय ते चाचपून मगच बोट दाबते.

"काका, फलक पाहिलात?"

"पाहिला."

"मग जेवण गेलं का?"

"बटाटे उकडलेत."

"आईने सगळे फोटो चुलीत घातले, तुम्हाला माहीत आहे. एकही ठेवला नाही. माझ्या बापाचं नाक कसं होतं ते मला माहीत नाही. लोकांची नाकं बघते मी, पेशंट तोंड उघडून बसलेले असतात तेव्हा."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मूळ प्रत संग्रहालयात आहे. मी अर्ज केला होता, मंजूर झाला. आत्या शेवटच्या आजारात मला काय म्हणाली, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. म्हणाली, तो पांढऱ्याखाली आहे. काकाला विचार, त्याला रसायन ठाऊक आहे. पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. याल ना?"

मी 'येईन' म्हणालो. मग उकडलेले बटाटे तसेच पातेल्यात ठेवून त्यांच्याकडे पाहत बसलो.

रसायन मला ठाऊक आहे, यात शंका नाही. तीस वर्षं मी विद्यापीठात रसायनशास्त्राचा इतिहास शिकवला आणि माझा प्रबंध लोह आणि सायनाइड यांच्या संयुगांवर होता. अठराव्या शतकाच्या आरंभी याच शहरात एका रंगाऱ्याने तांबडा रंग करायला घेतला. त्याला मिळालेली पोटॅश जनावरांच्या रक्तापासून काढलेल्या तेलाने नासलेली होती, आणि भांड्यात तांबड्याऐवजी असा निळा उतरला की जगाने त्याला या शहराचं नाव दिलं. पहिल्या वर्षी मी वर्गात म्हणत असे, या शहराला हवं असतं तांबडं आणि हाती लागतं निळं. हे वाक्य मी दोनदाच म्हणालो. दुसऱ्या वेळी मागच्या बाकावर कोणीतरी ते लिहून घेत होतं. पुढे रक्त, खूर, शिंगं लोखंडी कढयांत पोटॅशबरोबर भाजून त्यातून क्षार काढू लागले, एक पिवळा आणि एक तांबडा, आणि आमच्या भाषेत त्यांना आजही रक्तक्षार म्हणतात. गॅसचे कारखाने आल्यावर रक्ताची गरज उरली नाही. कोळशाचा गॅस लोहाच्या गंजातून गाळला की सायनाइड त्या गंजातच अडकतं, आणि बाहेर टाकलेल्या ढिगावर पाऊस पडला की ढीग निळा होतो. लोथार त्या ढिगांतून चालत घरी यायचा. त्याच्या बुटांच्या शिवणीत निळे ठिपके बसलेले असत आणि गेर्लिंडे ओरडायची, "सरदार, बूट बाहेर. माझ्या फरशीवर समुद्र नकोय." या संयुगाविषयी विद्यार्थ्यांना नेहमी एकच नवल वाटे: एका लोहाने सहा सायनाइड धरलेले असतात, त्यातलं प्रत्येक मोकळं सुटलं तर जीव घेईल, पण लोहाची पकड इतकी घट्ट की निळा रंग पोटात गेला तरी काही होत नाही. उलट किरणोत्सर्गी धातू पोटात गेलेल्यांना तो औषध म्हणून देतात. पकड सुटत नाही तोवर विषाचा उपद्रव नाही, असं मी फळ्यावर लिहीत असे. गेल्या वर्षी शहराच्या दुसऱ्या बाजूने आलेल्या तीन प्राध्यापकांच्या समितीने माझ्या तीस वर्षांचं मूल्यमापन पंचवीस मिनिटांत उरकलं आणि मला घरी पाठवलं. निर्णय योग्य होता. कारणं सगळी चुकीची होती, पण ती दुरुस्त करून देणं हे माझं काम नव्हतं.

गेर्लिंडे एका चित्रसंस्थेत छायाचित्रं दुरुस्त करण्याच्या विभागात होती. दुरुस्त हा तिथला शब्द. तिथे तांबड्या क्षाराची एक बाटली आणि हायपोची, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणाची, एक बाटली प्रत्येक टेबलावर असे. दोन्ही एकत्र करून ब्रशने लावलं की छायाचित्रातली चांदी विरघळून पाण्याबरोबर मोरीत जाते आणि खाली कोरा कागद उरतो. मग त्यावर पार्श्वभूमी रंगवायची, नवा फोटो काढायचा. 'आधी क्षार, मग रंग' हा तिथला नियम होता, कारण पूर्वी एकदा नुसत्या रंगाखाली झाकलेला एक मंत्री कोणीतरी ओल्या स्पंजने परत आणला होता. ब्रश हंसाच्या पिसाच्या नळीत बसवलेला लागे. पत्र्याची पट्टी असलेला चालत नसे, कारण त्या क्षाराला लोखंड लागलं की निळा डाग पडतो. आणि एक रिवाज होता, जो कोणत्याही नियमावलीत नव्हता: माणूस काढायला सुरुवात डाव्या बुटापासून करायची आणि चेहरा शेवटी घ्यायचा. "बूट गेला तर तिथे गवत काढता येतं," गेर्लिंडेने मला समजावलं होतं. "चेहऱ्यापर्यंत पोहोचायला दुपार होते. दुपारपर्यंत वरच्यांचा विचार बदलू शकतो." कोणाच्या बाबतीत कधी बदलला का, असं मी विचारलं होतं. "एकदा," ती म्हणाली. "तो माणूस पुढे दहा वर्षं गवतात उभा होता."

लोथारला एकोणीसशे एकसष्टच्या शरद ऋतूत नेलं. शहराच्या मधोमध भिंत उभी राहून दोन महिने झाले होते. गॅसच्या नळांना भिंतीची कल्पना नव्हती, ते खालून पलीकडे जातच होते, आणि त्यांचा नकाशा लोथारने पलीकडच्या कोणाला दिला असा आरोप होता. दिला होता की नाही, ते मला आजही माहीत नाही. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्या वर्षी न्यूमोनियाने गेला, असं कळवणारं एका ओळीचं पत्र आलं. पण त्याच्या आधी, बासष्टच्या मार्चमध्ये, कारखान्याच्या वर्धापनदिनाचं पुस्तक निघायचं होतं, त्यात हा अकरा जणांचा फोटो होता आणि तो गेर्लिंडेच्या टेबलावर आला. निगेटिव्ह आधीच नष्ट केली होती. तिला हे काम चुकून दिलं गेलं की मुद्दाम, हा प्रश्न आम्ही घरातही मोठ्याने विचारला नाही. त्या रात्री तिने नळ मोठा सोडला आणि मला जवळ बोलावलं.

"एक्की, मला थोडं ब्रोमाइड आणून दे. तुझ्या प्रयोगशाळेत असेल. आमच्याकडे नाही."

"कशाला?"

"हायपोच्या जागी. मग चांदी जात नाही, नुसती पांढरी पडते. वरून रंग दिला की तपासनिसाला काय दिसणार? पण तो आत राहील. पुढे कधी डेव्हलपरमध्ये घातला की येईल बाहेर. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. येईल ना?"

"येईल," मी म्हणालो. तत्त्वतः ते बरोबर होतं.

"मग आण."

मी आणलं. म्हणजे मी एक बाटली आणली. त्या मार्चमध्ये माझा प्रबंध तीन परीक्षकांकडे होता आणि त्यांतल्या दोघांना माझी सासुरवाडी ठाऊक होती. तपासनिसाला पांढऱ्यात पिवळसर झाक दिसली, रंगाखाली नख घालून पाहिलं, तर गेर्लिंडे तुरुंगात जाईल, आणि बाटलीवरचं अक्षर माझं आहे. हे सगळं खरं होतं. माणूस नीचपणा करतो तेव्हा त्याच्यापाशी नेहमी एक खरं कारण असतं. मी इतिहास शिकवला आहे, मला याची उदाहरणं तारीखवार देता येतील. ब्रोमाइडचं पाणी आणि हायपोचं पाणी, दोन्ही रंगहीन. मी बाटलीत हायपो भरला, वर सुवाच्य अक्षरात 'पोटॅशियम ब्रोमाइड' लिहिलं आणि तिच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवली. सकाळी दारात तिने माझ्या गालाला हात लावला. तसा तिने त्यानंतर पुन्हा लावला का, हे मी या आठवड्यात पुष्कळदा आठवून पाहिलं.

संध्याकाळी ती उशिरा आली. "झालं?" मी विचारलं. "झालं," ती म्हणाली, आणि बराच वेळ हात धूत राहिली. "बाटली?" "धुऊन टाकली." मग तिने सूप गरम केलं, मला वाढलं, स्वतः घेतलं नाही. प्रबंध मान्य झाला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, सहलींना गेलो, बागेतल्या झोपडीचं छप्पर बदललं, आणि त्या बाटलीबद्दल ती एकदाही बोलली नाही. तिचा विश्वास अढळ आहे, असा मी त्याचा अर्थ लावला आणि त्या विश्वासाची मला दया येत असे. ही दया मी तिच्याविषयीचं प्रेम म्हणून वापरली. शेवटच्या आजारात ती मला खोकल्याच्या औषधाचे थेंब मोजू द्यायची नाही; शेजारच्या बाईंना हाक मारायची. "तू नको, एक्की, तुझे हात थरथरतात." मी स्वयंपाकघरात जाऊन दिव्याखाली हात धरून पाहिले होते. ते थरथरत नव्हते. औषधांनी तिला भास होतो आहे, असं मी डॉक्टरांना सांगितलं.

त्या नऊ दिवसांत मी सिबिलेचा नंबर किती वेळा फिरवला आणि शेवटच्या आकड्याशी थांबलो, ते मोजलं नाही. एक पत्र लिहिलं. ते इतकं चांगलं उतरलं की मला स्वतःची किळस आली आणि मी ते फाडलं. काहीच सांगू नये, तिला गुरुवारी कोरा कागद पाहू द्यावा, काळाने खाल्लं म्हणावं, हा मार्ग उघडा होता. पण मग गेर्लिंडे मरताना खोटं बोलली, किंवा तिला तिचं काम येत नव्हतं, असं ठरलं असतं, आणि मेलेल्या बायकोच्या अंगावर हेही घालणं मला जमेल की काय, याची मला खरोखर भीती वाटत होती, कारण जमेलसं वाटत होतं. पहाटे जाग आली की छातीवर ओल्या कागदासारखं काहीतरी चिकटलेलं असे. रोज मी रोझेन्थालर चौकात जाऊन फलकासमोर उभा राही. गुरुवारच्या आदल्या दिवशी कोणीतरी मोकळ्या जागेत काळ्या शाईने एक नाक काढून ठेवलं होतं.

संग्रहालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत नोवाकबाई होत्या. त्या चित्रसंस्थेत गेर्लिंडेच्या शेजारच्या टेबलावर शिकाऊ म्हणून लागल्या होत्या आणि आता, राजवट बदलल्यावर, पूर्वी पुसलेलंच पगार घेऊन पुन्हा उजेडात आणत होत्या. "या डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "पुस्तकातलं इथे चालतं का ते बघू." वरचा रंग त्यांनी आधीच धुऊन काढला होता. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये टोपीपासून बुटापर्यंत एक स्वच्छ पांढरा माणूस उभा होता. सिबिलेने कोट काढला नव्हता. ती हात पाठीमागे बांधून वाकून पाहत होती, दुकानातल्या महाग वस्तूकडे पाहावं तसं.

"डेव्हलपर तयार आहे," नोवाकबाई म्हणाल्या.

"आधी लोहाचा एक थेंब टाकून पाहू," मी म्हणालो. लोहाच्या क्षाराची कुपी मी बरोबर आणली होती. "कागद जुना आहे. तिथे काही उरलं असेल तर निळं होईल. नाही झालं, तर उगाच सगळा भिजवायला नको."

हे विधान शास्त्रीय वाटेल अशा बेताने मी आदल्या रात्री रचलं होतं. हायपोने धुऊन नेलेल्या जागी लोहाला काही सापडणार नव्हतं. ब्रोमाइड वापरलं असतं तरीही सापडलं नसतं. लोह त्याला ओळखत नाही. दोन्ही कानांनी बहिरा न्यायाधीश मी निवडला होता. एक थेंब, मग दिलगिरी, मग वरच्या मजल्यावर कॉफी.

"तुमचा हात स्थिर आहे, तुम्हीच टाका," नोवाकबाई म्हणाल्या.

मी पांढऱ्या माणसाच्या कोपरावर थेंब टाकला. आम्ही तिघं पाहत होतो. तळघरात कुठेतरी पंप चालू झाला आणि बंद झाला. मी माझं पहिलं वाक्य तोंडात तयार धरलं होतं, 'तीस वर्षं हा फार मोठा काळ आहे', आणि तेवढ्यात थेंबाच्या कडेला, आधी धूर असावा तसा आणि मग नि:संशय, निळा उगवला. त्यात कापडाची एक सुरकुती होती.

"बाहीची घडी आहे," सिबिले म्हणाली, अगदी हळू.

नोवाकबाईंनी कुपी माझ्या हातातून घेतली, जवळजवळ हिसकावली, पिसाच्या नळीचा ब्रश काढला आणि तीस वर्षांच्या सवयीने डाव्या बुटापासून सुरुवात केली. बूट पांढराच राहिला. त्यांनी पुन्हा ब्रश फिरवला. काही नाही. मला आठवतं, त्या क्षणी मला सुटका झाल्यासारखं वाटलं. हे मी लिहून ठेवतो आहे. मग ब्रश घोट्यावर गेला आणि घोटा आला, पँटची दुमड आली, गुडघा, कोटाची बटणं, एका हातात गुंडाळलेला कागद, सैल गाठीचा टाय. चेहरा नोवाकबाईंनी शेवटी घेतला. निळी हनुवटी आली, मिशी, मग रुंद, थोडं उजवीकडे वळलेलं नाक, आणि शेवटी डोळे, ज्यांना टोपीच्या सावलीतून सहाव्या माणसाला काहीतरी गमतीचं सांगायचं होतं. सिबिलेने स्वतःच्या नाकाला हात लावला. "माझंच आहे," ती म्हणाली. "बघा ना. माझंच आहे." ती रडत नव्हती. ती हिशेब जुळल्यासारखी मान हलवत होती.

मग तिने विचारलं, "आणि बूट? एक बूट का नाही आला?"

नोवाकबाईंनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. "हा पहिला फटकारा," त्या म्हणाल्या. "यात हायपो होता, हे साफ आहे; चांदी वाहून गेली. त्याच्यापुढे मात्र कशातही नाही. बाकी सगळा तिने नुसत्या तांबड्या क्षाराने काढलाय, दुसरं काही न घालता. चांदी जागेवरच राहिली, क्षाराला बांधलेली, म्हणून तर लोहाने निळी झाली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नुसत्या क्षाराने दिवस जातो. मला आठवतंय तो दिवस. ती जेवायला उठली नव्हती. मी म्हटलं, ताई, चला, आज मटाराचं सूप आहे, तर म्हणाली, तू हो पुढे, माझ्या बाटलीत काहीतरी गडबड आहे."

नुसता क्षार. ज्या संयुगावर मी चारशे पानं लिहिली, त्याला एकट्याला हे जमतं, ही ओळ माझ्याच प्रबंधाच्या तळटिपेत आहे. ती बाटली गेर्लिंडेने बुटावर ओळखली. ब्रोमाइडने डाग पिवळसर पांढरा पडतो, हायपोने काचेसारखा मोकळा होतो. तिच्यासारख्या हाताला एक फटकारा पुरेसा होता. मग तिने ब्रश धुतला असेल, माझं अक्षर पाहिलं असेल, आणि घरी येऊन मला सूप वाढलं. अठ्ठावीस वर्षं तिने ते असं धरून ठेवलं की त्यातलं काही माझ्यापर्यंत सुटून आलं नाही. आलं ते एवढंच, की माझ्या हातचं औषध तिने घेतलं नाही. काकाला विचार, असं ती सिबिलेला म्हणाली होती. ते वाक्य सिबिलेसाठी होतं असं मी नऊ दिवस समजत होतो.

"काय गडबड होती बाटलीत?" सिबिलेने विचारलं. ती नोवाकबाईंना विचारत होती. नोवाकबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"बाटलीवर ब्रोमाइड लिहिलं होतं," मी म्हणालो. "आत हायपो होता. अक्षर माझं होतं. भरलीही मीच होती. तिने तुझ्या बापाला लपवायला मागितलं, आणि मी त्याला घालवायला दिलं. तिला कळलं नसतं तर आज इथे काही नसतं."

सिबिले सरळ उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. ती त्या निळ्या माणसाकडे पाहत होती, जो एका बुटावर उभा राहून कोणाला तरी हसवत होता.

"हे सुकायला किती वेळ लागेल?" तिने नोवाकबाईंना विचारलं.

"तास-दीड तास."

"मी थांबते," ती म्हणाली, आणि आता कुठे कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "तुम्ही निघा, काका. ट्राम चुकेल."

मी टोपी उचलली. लोहाची कुपी टेबलावर उघडीच होती. तिचं बूच शोधून मी ते लावलं, घट्ट फिरवलं, आणि दिव्याखाली माझे हात पाहिले. ते थरथरत नव्हते.